ढोरायचे डॉक्टर संस्था तपासतात

डॉक्टर वानखडे कुठल्याही संस्थेत पुढच्या दारानं शिरत नाहीत. पुढच्या दारात अध्यक्ष शाल-नारळ घेऊन उभे असतात, सचिवांच्या हातात गुच्छ असतो, कोणीतरी मोबाईल आडवा धरून शूटिंग करत असतं, आणि डॉक्टर स्कूटर स्टँडला लावून, कोणाकडे न बघता, सरळ इमारतीच्या मागं निघून जातात. मग त्यांच्या मागं अध्यक्ष, अध्यक्षांच्या मागं गुच्छ, आणि गुच्छाच्या मागं फाईल सांभाळत मी, अशी वरात संस्थेच्या संडासाला वळसा घालून जाते.

"समोरून तं समदेच साजरे दिसतात," डॉक्टर म्हणतात. "जनावर समोरून हंबरते, सर. दुखनं मांगं असते."

डॉक्टर वानखडे हे ढोरांचे डॉक्टर. म्हणजे होते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण निवृत्त झाली ती नोकरी. नजर झाली नाही. अकोला-अमरावतीच्या गावागावांत त्यांना आजही 'ढोरायचे डॉक्टर' म्हणूनच ओळखतात, आणि ही ओळख ते माणसांच्या डॉक्टरांपेक्षा वरची समजतात. "माणसाचा डॉक्टर इचारते, कुठी दुखते? मंग पेशंट सांगते. यात डॉक्टरनं काय केलं?"

माझी त्यांची ओळख अकोल्याच्या जठारपेठेतली. निवृत्तीनंतर लोक आपल्या गावी जातात. मला गावच नव्हतं, म्हणून मी बायकोच्या गावी आलो. पुण्यात माझं आयुष्य दुसऱ्यांची पुस्तकं तपासण्यात गेलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधणं यापलीकडे मला काही येत नाही. अकोल्यात उतरलो तेव्हा या कामाची इथं कोणालाच गरज नव्हती. मी रिकामा आहे हे शेजारच्या डॉक्टरांनी दोन दिवसांत ताडलं. कुंपणावरून माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, यायले कामाले जुपा लागते. बैल बसून खाल्ला का बिघडते."

आणि त्यांनी मला 'निधी'त नेऊन जुंपलं.

निधी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण माझ्या घरात त्यावरून गैरसमज झाला होता. शहरातल्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे पैसे एका ठिकाणी टाकायचे, आणि दरवर्षी त्यातून आपल्याच भागातल्या लहान लहान संस्थांना अनुदान द्यायचं, असा हा कारभार. सरकारचा पैसा नाही, परदेशाचा नाही. सरकी-कापसाचे व्यापारी, दोन-चार दवाखानेवाले, शिक्षक, पुण्या-बंगलोरला गेलेली इथली पोरं, अशांनी मिळून उभा केलेला. त्याला एक लांबलचक नोंदणीकृत नाव आहे, पण सगळे नुसतं निधी म्हणतात. पहिल्याच आठवड्यात मी फोनवर कोणालातरी सांगितलं, "आज नको, आज संध्याकाळी मी निधीकडे आहे," आणि बायकोनं ते स्वयंपाकघरातून ऐकलं. पुढचा तासभर मी निधी ही स्त्री नसून सार्वजनिक न्यास आहे, हे व्याकरणासह सिद्ध करत होतो.

निधीत आमची निवड समिती. अध्यक्ष शेठजी, त्यांची कापसाची जिनिंग आहे. कामकाज पाहणारी नेहा, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, लॅपटॉपवाली, हुशार मुलगी. आणखी तीन-चार सभासद, जे चहा येईपर्यंत बोलत नाहीत आणि चहा झाल्यावर थांबत नाहीत. डॉक्टर. आणि मी, कागदपत्रांच्या भाषेसाठी.

ही भाषेची जबाबदारी मी फारच मनावर घेतली. अनुदानाचा अर्ज आधी एका पानाचा होता, साधा. मी तो शुद्ध केला. 'तुम्ही काय करता?' या प्रश्नाचं मी 'संस्थेची कार्यपद्धती विशद करा' केलं. 'पुढं काय करायचं आहे?' याच्या जागी 'संस्थेची दृष्टी काय?' असं लिहिलं. मला स्वतःला तो अर्ज इतका आवडला की मी घरी बायकोला वाचून दाखवला.

अकोटकडच्या एका महिला मंडळाकडून पहिलाच अर्ज आला. 'संस्थेची दृष्टी काय?' याखाली लिहिलं होतं: 'अध्यक्षबाईंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. आता बरे दिसते. सचिवांना चष्मा आहे. बाकी सर्वांची दृष्टी चांगली आहे.'

डॉक्टरांनी तो अर्ज समितीपुढं गंभीरपणे वाचला आणि म्हणाले, "या संस्थेले पैसे द्या. इचारलं तेवढंच सांगतलं."

दिले. काम खरंच चांगलं निघालं. माझा दृष्टीचा प्रश्न मात्र अर्जातून काढला गेला.

डॉक्टरांची संस्था तपासायची रीत त्यांच्या धंद्यातलीच. "संस्था उभी करून पाहा लागते, चालवून पाहा लागते." संस्था नुसती खाते की रवंथही करते, असं ते विचारतात. म्हणजे मिळालेला पैसा पचवते की नाही. "हे संस्था भल्ली खाते. पन रवंथ नाई. हिले पोटफुगी होईन." एखादी संस्था फार जोरात वाढत असेल तर ते म्हणतात, "वगार हाय अजून. एवढ्यात दुधाची आशा नोका करू." वगार म्हणजे म्हशीची पारडी, हे नेहाला माहीत नव्हतं, तिनं इतिवृत्तात 'वगार, स्पेलिंग तपासणे' असं लिहून ठेवलं आणि तपासायला माझ्याकडे पाठवलं. मला कुठं माहीत होतं?

पण समितीला खरी धास्ती त्यांच्या डाव्या बाहीची. डॉक्टर बाराही महिने पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालतात. गाय-म्हैस गाभण आहे का हे पाहायला जनावरांचे डॉक्टर हात खांद्यापर्यंत आत घालतात. डॉक्टरांचा तो हात डावा. त्यामुळे एखाद्या संस्थेविषयी शंका आली की बोलता बोलता ते आपल्याही नकळत डावी बाही वर सरकवू लागतात. मनगट, कोपर, दंड. बाही कोपराच्या वर गेली की समोरचे अध्यक्ष खुर्चीत सावरून बसतात. का, ते त्यांना सांगता येणार नाही, पण बसतात.

अमरावतीच्या एका वृक्षारोपणवाल्या संस्थेत ती खांद्यापर्यंत गेलेली मी पाहिली आहे. एसी हॉल, पडद्यावर हिरव्या टेकड्यांचे फोटो, काजू-बदाम. मी दोन मुठी काजू खाऊन 'उत्कृष्ट' असा शेरा मनात लिहूनही टाकला होता. डॉक्टर मागून आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत वाळलेलं रोप. "मांगं अशे लय पडून हायेत," ते अध्यक्षांना म्हणाले. "हे कवा लावाचे होते? का फोटो काढून झाला होता यायचा?" अध्यक्ष म्हणाले, सध्या मनुष्यबळाची अडचण आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोरची काजूची प्लेट पाहिली. मी तोंडातला काजू गिळायचा की कसं, या विचारात बराच वेळ तसाच बसलो.

उलट मेळघाटात, सेमाडोहकडे एका बचत गटाला भेटायला गेलो, तेव्हा डॉक्टर घरामागं गेले ते आलेच नाहीत. मी बायांना माझे प्रश्न विचारले, त्यांनी मला चहा दिला, प्रश्न संपले, चहा संपला. मागं जाऊन बघतो तर डॉक्टर मातीत मांडी घालून एका शेळीच्या पापण्या उलटून पाहत होते आणि भोवती दहा-बारा शेळ्या आपापला नंबर लागायची वाट पाहत होत्या. त्या संस्थेचा अहवाल डॉक्टरांनी स्वतः लिहिला. पूर्ण अहवाल असा होता: 'संस्था साजरी आहे. शेळ्यांना जंत आहेत.'

डॉक्टर एकटे राहतात. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की न लाजता सांगतात, "पाहाले आलते ना तीन-चार ठिकाणचे. मले उभं करून पायलं, चालवून पायलं, अन् परत पाठोलं. बाजारात होते असं." आणि स्वतःच सगळ्यांच्या आधी हसतात. तेव्हा आपणही हसतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगायला घेतलं, ती मागच्या वर्षीची.

दिवाळीच्या आधीची अनुदानं ठरायची होती. एक जागा उरली होती आणि एक अर्ज उरला होता. सुमनबाई गवई नावाच्या बाईंचा. शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात ज्या पेशंटचं कोणी नसतं, त्यांच्याजवळ सुमनबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायका जाऊन बसायच्या. वीसेक बायका असतील. कोणी भाजी विकणारी, कोणी शाळेत खिचडी शिजवणारी, दोघी-तिघी पेन्शनर. त्यांच्या ऑटोचं भाडं आजवर एक दुकानदार द्यायचा. तो मुलाकडे नागपूरला निघून गेला. आता निधीनं हात दिला तर काम चालणार, नाहीतर दिवाळीनंतर बंद. अर्जात तसं स्वच्छ लिहिलं होतं: 'पैसे भेटले नाही तर आम्ही थांबून जाऊ.'

अर्जांना गुण देण्याचं काम नेहानं आणि मी वाटून घेतलं होतं. हा अर्ज माझ्या वाट्याला आला. 'कार्यपद्धती विशद करा' याखाली एकच वाक्य होतं: 'आमच्या बाया दवाखान्यात बसून राहतात.'

आमच्या पुण्याकडे बसून राहणं म्हणजे काहीही न करणं. सरकारी कचेरीतला माणूस बसून राहतो, नोकरी न लागलेला भाचा बसून राहतो. मी लाल पेन काढलं आणि शेरा लिहिला: 'संस्थेच्याच कबुलीनुसार कार्यकर्त्या बसून राहतात.' गुण शून्य. एवढ्यावर थांबलो असतो तर गोष्ट वेगळी. पण मला माझा शेरा आवडला होता, म्हणून मी तो बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवला.

नेहा हसली. शेठजी हसले. चहावाले सभासद चहा नसतानाही हसले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी डाव्या मनगटाचं बटण काढलं.

"सर, तुमाले मराठी कोनं शिकोलं?"

"का?"

"मी आता काय करून राहिलो?"

"बोलताय."

"बोलून राहिलो. तुमी?"

"मी ऐकतोय."

"आयकून राहिले. आमच्या इकडे असंच म्हनतात. मंग त्या बाया दवाखान्यात बसून राहतात तं काय वाईट करून राहिल्या? बसनं हेच काम हाय त्यायचं. नांगरनाऱ्याले तुमी म्हनसान का, हा तं नुसता नांगरूनच राहते?"

बाही कोपरापर्यंत आली होती. मी म्हणालो, अर्जाची भाषा प्रमाण असावी असा संकेत आहे. ते म्हणाले, "पाहाले जाऊ. मंग संकेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी दवाखान्यात गेलो. अर्थातच आधी मागं. दवाखान्याच्या मागं कडुनिंबाखाली बाहेरगावच्या नातेवाइकांचा संसार मांडलेला होता. दोरीवर लुगडी, तीन विटांची चूल, एक म्हातारा झाडाला टेकून दाढी करून घेत होता. तिथंच सुमनबाई डबा खात बसल्या होत्या. साठीच्या, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

"जय भीम, बाई. निधीकडून आलो."

"जय भीम, साहेब. बसा. भाकर खाता?"

"खाऊन आलो." डॉक्टर विटेवर बसले. मी फाईल आडवी टाकून तिच्यावर बसलो. "कसं सुरू केलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माहा नवरा भरती होता. बाजूच्या खाटलेवर एक बुढा होता, त्याचं कोनी नव्हतं. नवरा बरा झाला, घरी आला. मंग मले करमे ना. म्हनलं, बुढ्याले पाहून येतो. गेली. तवापासून जाऊनच राहिली."

"तथी बसून करता काय?"

"बसतो."

"बोलता?"

"त्यानं बोललं तं बोलतो. नाई बोललं तं नाई."

"दवा-पानी?"

"ते सिस्टरचं काम. आपून हात नाई लावत. पानी मांगतलं तं इचारून पाजतो."

"मंग तुमी नाई बसल्या तं काय बिघडते?"

सुमनबाईंनी भाकरीचा तुकडा डब्यात ठेवला. "साहेब, तुमी एकडाव एकटे भरती होऊन पाहा. मंग मले सांगा."

डॉक्टरांजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. म्हशीचं नाहीतर बैलाचं, पण असतं. या वेळी त्यांनी वर वॉर्डाच्या खिडक्यांकडे पाहिलं.

सुमनबाई मला म्हणाल्या, "तुमी कागद नोका भरू आता. या, बसून पाहा." सिस्टरला विचारून त्यांनी आम्हाला पुरुषांच्या वॉर्डात नेलं आणि दोन कोपऱ्यांत दोन स्टुलांवर बसवलं. माझ्या वाट्याला मूर्तिजापूरकडचे एक बाबा आले. पायाला प्लास्टर.

मी लगेच कामाला लागलो. तब्येत कशी आहे विचारलं. जेवण कसं असतं विचारलं. धीर सोडू नका म्हणालो. पूर्वी हाड मोडलं की लोकांचे किती हाल व्हायचे ते सांगितलं. पुण्यात माझ्या मावसभावाचा पाय मोडला होता, तो प्रसंग सविस्तर सांगितला, त्यात तो मावसभाऊ पुढं वारला हे बोलून गेलो, मग तो पायामुळं वारला नाही हे समजावून सांगू लागलो. बाबांनी बराच वेळ डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं, धीर मिळतोय.

मग ते डोळे न उघडता म्हणाले, "तुमी भल्ले बोलता जी. थोडसं बसून राहा ना."

मी बसून राहिलो. आधी फार अवघड गेलं. पंखा फिरत होता. बाबांचा हात खाटेच्या कडेवर होता. थोड्या वेळानं त्यांचा श्वास संथ झाला. मी उठायला लागलो तर हात माझ्या बाहीवर आला आणि तिथंच राहिला. मी पुन्हा बसलो.

समोरच्या कोपऱ्यात डॉक्टर बसले होते. त्यांच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला होता. डॉक्टर त्याच्या पाठीकडे पाहत होते.

निघताना त्यांनी सुमनबाईंना व्हरांड्यात बाजूला घेतलं. मी लांब होतो; डॉक्टर खालच्या आवाजात काहीतरी विचारत होते. सुमनबाई ऐकत होत्या. मग त्यांचा आवाज आला, "हो ना. काहून नाई?" मला वाटलं, हिशेब वेळेवर देता का असं विचारलं असेल.

बैठक शनिवारी. मी निर्धास्त होतो. डॉक्टर बोलणार, बाही चढवणार, ठराव पास होणार. मी माझं शून्य घरूनच खोडून आलो होतो. नेहानं मात्र आपली बाजू मांडली, आणि ती काही चुकीची नव्हती. लोकांचा पैसा आहे, दिला तर त्यातून काय झालं हे सांगता आलं पाहिजे. "फलित या रकान्यात यांनी लिहिलंय, 'पेशंट एकटा राहत नाही.' हे मोजायचं कसं? देणगीदारांना काय दाखवू?" शेठजी मान हलवत होते.

मतदानापूर्वी अध्यक्षांनी एक प्रश्न विचारायचा, असा निधीचा नियम आहे: या संस्थेत समितीपैकी कोणाचा हितसंबंध आहे का? मेहुणा सचिव असेल, वहिनी खजिनदार असेल, तर त्या सभासदानं बाहेर जायचं आणि मत द्यायचं नाही. दर वेळी आम्ही सगळे वर्गातल्या हजेरीसारखं 'नाही' म्हणतो आणि पुढं जातो.

"कोणाचा हितसंबंध?" शेठजींनी विचारलं.

"नाही," आम्ही म्हणालो.

"हाय," डॉक्टर म्हणाले. "माहा."

शेठजींनी चष्मा काढला. "तुमचं कोणी आहे का डॉक्टर त्या संस्थेत?"

"नाई."

"मग?"

डॉक्टर उभे राहिले. दोन्ही बाह्या मनगटापर्यंत नीट बंद होत्या. "मी त्या बाईले इचारलं, मी भरती झालो तं माह्यापाशी बसाले कोनी येईन का? ते हो म्हनली. आता हा हितसंबंध झाला का नाई, तुमीच सांगा."

शेठजी हळूच म्हणाले, "तसं काय डॉक्टर, आम्ही नाही का सगळे…"

"हाय ना तुमी. पन शेठजी, तुमाले जिनिंग हाय. सरले नातवंडं हायेत. तुमी येसान, पाच मिनिटं उभे राहसान, सफरचंद ठेवसान. वाईट नाई म्हनत मी. मी बी तसंच करतो." मग त्यांनी खुर्ची आत सरकवली. "नियम नियम हाय. बाहेर थांबतो."

आणि गेले. जिन्यावरून चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

सुमनबाईंच्या बाजूचा एकुलता एक वकील खाली स्कूटरजवळ जाऊन उभा राहिला होता. आता त्यांच्या बाजूनं बोलायला उरलो मी, म्हणजे ज्यानं लाल पेनानं त्यांची चेष्टा केली तो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उभा राहिलो. मला भाषणं सुचतात, हे माझं दुर्दैव. त्या वेळी एकही सुचलं नाही.

"मी गेलो होतो तिथं," मी म्हणालो. "एका बाबांजवळ बसलो."

"मग काय झालं सर?" नेहानं विचारलं. खोचकपणे नाही, खरंच विचारलं.

"काही नाही. आधी मी बोललो, तर त्यांना त्रास झाला. मग…" मी शब्द शोधत होतो आणि दुसरा मिळेना. "मग बसून राहिलो. मी उठायला लागलो, तर त्यांनी उठू दिलं नाही."

शेठजी खिडकीबाहेर पाहत होते. तिथून डॉक्टरांच्या डोक्याचा पांढरा भाग तेवढा दिसत होता. नेहा लॅपटॉपवर बोटं ठेवून थांबली होती.

"फलितात काय लिहू शेठजी?" तिनं विचारलं.

"लिव ना," शेठजी म्हणाले. "'उठू दिलं नाही.' देणगीदारायले मी सांगतो. कोनी इचारलं तं माह्याकडे पाठव." हात वर करायला सांगायच्या आधीच त्यांनी स्वतःचा केला होता. नेहाचाही वर गेला. चहावाल्यांचेही.

मी खाली आलो. डॉक्टर स्कूटरच्या आरशावरची धूळ पुसत होते. आरसा आधीच स्वच्छ होता.

"झालं मंजूर," मी म्हणालो.

"बरं झालं. बाईले फोन लावा. मी नाई लावत, माहा हितसंबंध हाय."

मी फोन लावला आणि नेहमीप्रमाणे भलतंच काही दाबलं. स्पीकर सुरू झाला, आणि सुमनबाईंचा आवाज सगळ्या रस्त्यावर पसरला. बातमी ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. ऑटोवाल्याले सांगतो." मग म्हणाल्या, "डॉक्टर हायेत का तथी? त्यायले सांगा, इकडे बायायचं भांडन लागलं."

"कशावरून?" मी स्पीकर बंद करायला धडपडत विचारलं.

"डॉक्टरपाशी कोन बसन यावरून. शांता म्हनते मीच बसन, माही म्हैस त्यायनं वाचोली होती. रुक्मा म्हनते म्हशीचं काय सांगतं, माही गाय वाचोली. दोघीबी आयकून नाई राहिल्या."

डॉक्टर फोनकडे झुकले. घसा साफ केला. "बाई, त्यायले म्हना मी एवढ्यात भरती नाई होत."

"नोका होऊ ना साहेब. कोनं सांगतलं? पन सोमवारी बसाले तं या. पुरुषायच्या वार्डात मानसं कमी पडून राहिले."

डॉक्टर स्कूटरकडे वळले. मीच फोनला सांगितलं की येतील, आणि ठेवला.

त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली. किक मारली नाही. "सर, तुमी येता का सोमवारी?"

"मला कशाला नेता? मी फार बोलतो. पेशंटनं सांगितलंय मला तसं."

"पेशंटपाशी नोका बोलू." ते हँडलकडे पाहत होते. "जाता-येता बोलसान. मले चालते." मग थोडं थांबून म्हणाले, "जनमभर मुक्यायतच राहिलो जी मी. घरी कोनी बोलून राहिलं, असं लय दिवसात आयकलं नाई."

मी मागं बसलो. जठारपेठेपर्यंत बोलत गेलो. ऱ्हस्व-दीर्घापासून मावसभावापर्यंत सगळं. वाऱ्यात त्यातलं निम्मं त्यांना ऐकू गेलं नसणार. मध्येच मी दम घ्यायला थांबलो, तर त्यांनी स्कूटर हळू केली आणि मान किंचित मागं वळवून विचारलं, "मंग?"